चांगुणाबाईंची टाच

टायरला लाथ मारणारा माणूस मला लांबूनच ओळखू येतो. तो आधी गाडीभोवती एक चक्कर मारतो, कमरेवर हात ठेवतो, मग मागच्या टायरला उजव्या पायाने एक लाथ घालतो आणि "हवा ठीक आहे" असं जाहीर करतो. लाथेतून त्याला नेमकं काय कळतं, हे मला तेहेतीस वर्षांत कळलेलं नाही. चाळीस पौंड हवेचा टायर काय नि ऐंशी पौंड हवेचा काय, दोघेही लाथ मुकाट्याने खातात. पण गिऱ्हाइकाचं समाधान होत असे, म्हणून मी कधी बोललो नाही. खरं तर हवा मोजायचं गेज हातात येण्याआधी मीही तेच करत होतो.

पनवेलहून न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं टायरचं दुकान. आजही आहे, पण आता भाचा चालवतो. मी रोज सकाळी तिथे जाऊन त्याला चार सल्ले देतो, तो ते ऐकत नाही आणि चहा मात्र चांगला पाजतो. धंदा सगळा बंदराचा. कंटेनर लादलेले ट्रेलर यायचे, एकेकाला पुष्कळ चाकं, आणि प्रत्येक चाकात शंभर पौंडांच्या वर हवा. हवेचा दाब आम्ही पौंडांत मोजतो. ट्रेलरवाल्याशी बोलणं फार सोपं असतं. त्याला टायर दगडासारखा टणक हवा असतो, आणि बंदराची पाळी चुकायच्या आत हवा असतो. त्यामुळे जास्त हवा म्हणजे चांगली हवा, हे माझ्या अंगातच मुरलं होतं.

ट्रॅक्टर माझ्याकडे उशिरा यायला लागले, आणि पहिल्याच ट्रॅक्टरने माझी फजिती केली. उरणच्या बाजूचा एक शेतकरी आला होता. मी ऐटीत मागच्या चाकाशी बसलो, व्हॉल्व्ह खाली होता तिथेच गेज दाबलं, आणि तोंडावर गढूळ पाण्याची पिचकारी आली. मला वाटलं पावसाचं पाणी आत शिरलं असेल. मालक बांधकामाच्या विटांवर बसून शांतपणे बघत होता. माझं तोंड, शर्ट, गेज सगळं भिजल्यावर तो म्हणाला, "पानी मीच भरलाय. वजनाला. चाक फिरवून व्हॉल वर घ्याचा असतो, मंग मापाचा." ट्रॅक्टरचं चाक जागेवर घसरू नये म्हणून टायरात पाऊण भाग पाणी भरायची पद्धत आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आधी का नाही सांगितलंत, असं विचारलं तर म्हणाला, "तू इचारलास कुठं?"

हे वाक्य मी तेव्हाच गाठीला बांधून ठेवायला हवं होतं.

दुसरी फजिती गणपतीतली. आमच्याच भागातल्या एका मंडळाची विसर्जनाची ट्रॉली हवा भरायला आली. उजवं चाक भरलं आणि तेवढ्यात चहा आला. चहानंतर मी पोरांशी गप्पा मारल्या आणि ट्रॉली रवाना केली. दुपारी कळलं की मंडपात मोठी बाचाबाची चालू आहे. ट्रॉलीवर चढवलेली मूर्ती डावीकडे कललेली दिसत होती आणि सगळे मूर्तिकारावर तुटून पडले होते. बिचारा ओळंबा घेऊन मूर्तीपुढे उभा, डोळ्यांत पाणी. मी धावत जाऊन डाव्या चाकात हवा भरली, गणपती सरळ झाला. मूर्तिकाराने माझ्याकडे असं पाहिलं की त्या वर्षी मी त्या मंडळाचा प्रसाद घ्यायलाही गेलो नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो, तिकडे वळतो. पण त्याआधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. गाडीचं वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. हवा जास्त असली की टायर टम्म फुगतो आणि जमिनीला थोडासाच टेकतो. डांबरी रस्त्यावर तेच बरं, गाडी हलकी पळते. शेतात मात्र उलटं. उंच टाचेची चप्पल घालून ओल्या अंगणात चालून बघा आणि मग अनवाणी चाला. माणूस तोच, वजन तेच, पण टाच रुतते आणि पाऊल रुतत नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात हवा कमी केली की तो पसरतो, पायासारखा टेकतो, माती दाबत नाही. माझ्याकडे यायचे तसल्या ट्रॅक्टरना शेतात बारा-तेरा पौंड पुरतात, ट्रॉली ओढत रस्त्याने जायचं तर वीसच्या आसपास लागतात. आणि कमी हवेवर भरली ट्रॉली रस्त्याने ओढली तर टायर तापतो, कडेने चिरतो. म्हणजे एकच आकडा दोन्हीकडे चालत नाही. ही एवढी साधी गोष्ट. मला ती ऐकून माहीत होती, पण ती वापरायची असते हे माहीत नव्हतं.

आमच्याकडे इकबालभाई म्हणून एक ट्रॅक्टरवाले यायचे. पंधरा वर्षं आखातात क्रेन चालवून परत आले आणि त्या कमाईतून त्यांनी ट्रॅक्टर घेतला. वर्षभर तळोज्याच्या नव्या इमारतींवर विटा-रेती पोचवायची आणि भाताच्या हंगामात गावोगाव भाड्याने जायचं, असा त्यांचा व्यवसाय. माणूस मोठा शौकीन. ट्रॅक्टर रोज पुसलेला, टायर काळेभोर चमकणारे. हवा मात्र कडक पाहिजे. "सुधाकरभाई, टायर ढीला म्हणजे मालक ढीला," असं ते म्हणायचे. मी हसून तीसपर्यंत भरायचो. ते कुठे चाललेत, हे मी एकदाही विचारलं नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी, दिवाळीच्या थोडं आधी, एक बाई रिक्षातून दुकानापुढे उतरल्या. साठी ओलांडलेल्या, काटक, हातात कापडाचं गाठोडं. ट्रेलरचा ड्रायव्हर माझ्याशी बोलत होता त्याला बाजूला सारून त्यांनी गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं आणि सोडलं. आत मातीचं एक ढेकूळ होतं, पाट्याच्या दगडाइतकं कठीण, एका बाजूला टायरची नक्षी उमटलेली.

"हे तुजं काम," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "मावशी, बसा तरी. कोण तुम्ही?"

"मी चांगुना. इकबालचा टॅक्टर आमच्या शेतावर येतो. हवा तूच भरतोस ना त्याच्यात?"

मग सगळं सांगितलं. भात कापून झालं की भारे खळ्यावर न्यायला इकबालभाईंची ट्रॉली ओल्या शेतात फिरायची. त्यानंतर त्याच ओलीवर वाल पेरायचे, ही इकडची जुनी रीत. पण दोन वर्षं झाली, जिथून ट्रॅक्टर गेला तिथे वाल उगवलाच नव्हता. शेतभर दोन-दोन चाकोऱ्यांचे पट्टे नुसते उघडे. हे ढेकूळ त्यांनी गेल्या माघात अशाच एका पट्ट्यातून पहारीने काढलं होतं आणि तेव्हापासून पडवीत जपून ठेवलं होतं.

मी हसलो. माझी चूक कबूल करतो, सरळ तोंडावर हसलो. म्हणालो, "मावशी, बियाणं किडकं असेल. हवेने कुठे शेती बिघडते?"

त्या चिडल्या नाहीत. गाठोडं बांधत म्हणाल्या, "बियानं किडका असता तं सगलीकडं नसता आला. चाकाखालचाच बी बरा किडला? माजा दिनेश बोलतोय, यंदा वाल नाय आला तं शेत ट्रेलरवाल्यांना पार्किंगला द्याचा. मी हो बोललीय त्याला. एकच वरीस हाय माज्याकडं. तू येऊन बग तरी."

दिनेश हा त्यांचा मुलगा. बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होता, मला तोंडओळखीचा. मुलगा वाईट नव्हता. आजूबाजूच्या कित्येक शेतांवर खडी पडून ट्रेलर उभे राहिले होते, आणि आई उन्हात राबून उघडे पट्टे बघत बसते हे त्याला खटकत होतं. महिनाभर आधी तो मला म्हणालाही होता, "काका, आमच्या शेतावर पार्किंग झालं की तिथेच एक शेड टाका. शंभर ट्रेलर दारात येतील तुमच्या." मी घरी येऊन बायकोला ते सांगितलंही होतं, जरा आनंदानेच. त्यामुळे चांगुणाबाई गेल्यावर मला बसल्या जागी अवघडल्यासारखं झालं.

रविवारी गेलो. भात पिवळं होऊन उभं होतं. चांगुणाबाईंनी हातात पहार दिली आणि म्हणाल्या, "हितं मार." मारली, निम्मी आत गेली. दोन पावलं सरकून म्हणाल्या, "आता हितं." वीतभर गेली आणि ठण्ण करून थांबली, हाताला झिणझिण्या आल्या. मी चार ठिकाणी मारून बघितली. चाकोरी कुठून गेली होती हे पहारीने डोळे मिटून सांगता आलं असतं. वरची वीतभर माती पावसाळी नांगरटीने मोकळी झालेली, पण भारे काढताना ट्रॅक्टर तीही अशीच दाबणार; मग वालाचं मूळ शिरणार कसं? मी घाम पुसून म्हणालो, "मावशी, चुकलो. भारे काढायच्या दिवशी मी स्वतः येतो. बारा पौंडांवर आणून देतो."

इकबालभाईंना पटवणं जास्त कठीण गेलं. "बारा? तौबा! लोग बोलेंगे, इकबालचा ट्रॅक्टर बसला. आणि परत रोडवर कसा येऊ मी?" प्रश्न बरोबर होता. म्हणून माझा छोटा, इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर टेम्पोत घालून बांधावर न्यायचं ठरलं. शेतात शिरताना हवा काढायची, बाहेर पडताना भरायची. ट्रॉलीच्या टायरांतली हवा फार उतरवता येत नाही, म्हणून ट्रॉली अर्धीच भरायची आणि भारे उचलून झाले की दर खेपेला बांधालगतच्या एकाच वाटेने बाहेर जायचं. इकबालभाईंनी मान डोलवली, पण तोंड पाडूनच.

त्या सकाळी मी पोचलो तो अगदी डॉक्टरसारखा. खिशात गेज. ते माझं लाडकं गेज होतं, पितळी, मोठ्या तबकडीचं, दोनशे पौंडांपर्यंत आकडे असलेलं. आयुष्यभर ट्रेलर त्याच्यावरच जोखले. व्हॉल्व्ह वर घेतला, हवा सोडत सोडत काटा बारावर आणला. दोन्ही चाकं. मग चांगुणाबाईंना तबकडी दाखवली, "बघा, बारा."

इकबालभाईंनी ट्रॅक्टर दहा पावलं पुढे घेतला. चांगुणाबाईंनी चप्पल काढली, चाकोरीत उतरल्या आणि टाच रोवली. मग चाकोरीच्या बाहेर रोवली. परत आत.

"नाय. अजून कडक हाय."

मी म्हणालो, "मावशी, बारा आहे. कंपनीच्या तक्त्यात हेच लिहिलंय."

"तुजा काटा तुला सांगतो. माजी टाच मला सांगते."

"अहो, टाचेने कुठे हवा मोजतात?" माझा आवाज चढला. लाथ मारून हवा बघणाऱ्यांना इतकी वर्षं सहन केलं होतं, त्या सगळ्यांचा राग मी त्या बाईवर काढला, हे आज लिहिताना लाज वाटते. त्या ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. भारे बांधून बसलेले गडी ताटकळले, इकबालभाईंनी इंजिन बंद केलं. तेवढ्यात दिनेश मोटारसायकलवरून आला आणि आईला म्हणाला, "आई, काका एवढं सामान घेऊन आलेत. ते मशीन आहे, खोटं बोलणार नाही. सोड ना आता."

मशीन खोटं बोलणार नाही, हे सिद्ध करायला मीच पुढे झालो. दिनेशला विचारलं, "हवा कधी भरलीस गाडीत?"

"आत्ताच, पंपावर. पुढे पंचवीस."

सगळ्यांच्या देखत मी त्याच्या पुढच्या चाकाला गेज लावलं. काटा पंधरावर थांबला. पुन्हा लावलं, पंधरा. पंपावरचं गेज चुकलं असेल म्हणावं, तर पंधरा पौंडांवर ते चाक अंगठ्याने दबलं असतं. ते चांगलं कडक होतं. तबकडी उन्हात धरली तेव्हा दिसलं, हवा नसतानाही काटा शून्यापाशी न थांबता शून्याच्या खाली लोंबत होता. शंभरच्या पुढे हे गेज इमानदार होतं, तिथे मी ते नेहमी पडताळून घ्यायचो. खालच्या आकड्यांना ते काय बोलतं, हे मी कधी तपासलंच नव्हतं, कारण तिथे माझं काम नसे. ट्रकच्या वजनकाट्यावर मेथीची जुडी तोलावी तसा प्रकार. माझे बारा म्हणजे खरे बावीस होते. आणि इकबालभाईंना मी भरून देत होतो ते तीस म्हणजे चाळीस.

कानशिलं तापली. इतके लोक बघत होते आणि हसत कोणीच नव्हतं, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. मी गेज खिशात टाकलं आणि म्हणालो, "मावशी, मला मापता येत नाही. तुम्ही सांगा, मी सोडतो."

मग तासभर ते काम चाललं. मी व्हॉल्व्ह दाबून थोडी हवा सोडायची, इकबालभाईंनी ट्रॅक्टर पुढे घ्यायचा, चांगुणाबाईंनी टाच रोवायची. "अजून." फुस्स. "अजून जराशी." फुस्स. इकबालभाईंना हळूहळू मजा यायला लागली, ते सीटवरून वाकून विचारायचे, "अम्मा, आता?" शेवटी चांगुणाबाईंनी चाकोरीत टाच रोवली, बाहेर रोवली आणि म्हणाल्या, "आता बास. आता माती माती लागते." दिनेशला मी पनवेलला पिटाळलं होतं, तो कमी हवेचं लहान गेज घेऊन आला. लावलं. एका चाकात तेरा, दुसऱ्यात साडेतेरा. चांगुणाबाई तर बघायलाही आल्या नाहीत, त्या भाऱ्यांकडे वळल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात एक बदल झाला. ट्रॅक्टर आला की नळी उचलायच्या आधी मी विचारायचो, "कुठे चाललास? रस्त्याला का शेताला?" काहींना वाटलं सुधाकरला म्हातारपणात चौकशा करायची खोड लागली.

वाल पेरल्याचं कळलं. पुढे मी रोज ठरवायचो की बघून यावं, आणि धीर होत नव्हता. दिनेश रस्त्यात भेटला तरी मी विषय काढत नसे, तोही काढत नसे. माघात इकबालभाई दुकानावर आले आणि म्हणाले, "चलो, अम्माने बुलाया है. पोपटी आहे."

बाहेरच्यांसाठी सांगतो. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून, त्यात वालाच्या शेंगा भरून, मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा. पण पोपटीला आधी शेंगा लागतात, आणि त्या कोणाच्या शेतातल्या आहेत हे इकबालभाईंनी सांगितलं नाही.

ऊन उतरताना पोचलो. बांधावर चढलो आणि उभाच राहिलो. शेत हिरवंगार भरलं होतं. बांधालगतची ती एक वाट सोडली तर पट्टा कुठेच नव्हता. मी नजरेने या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा शोधला. दिनेश मडक्याभोवती पेंढा पेटवत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पार्किंगवाल्याला सांगितलं, दुसरीकडे बघ म्हणून. तुमची शेड गेली, काका." मी धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

मडकं उघडलं. चांगुणाबाईंनी पहिल्या शेंगा माझ्या ओंजळीत घातल्या, चटके बसत होते इतक्या गरम. म्हणाल्या, "हे तुजं काम."

मी फुगलो. खोटं कशाला सांगू, छाती दोन इंच पुढे आली. इकबालभाईंकडे बघितलं, दिनेशकडे बघितलं.

चांगुणाबाईंनी शेंगा सोलता सोलता हात लांब केला आणि बांधापलीकडे बोट दाखवलं. शेजाऱ्याचं शेत होतं. त्याच्या पलीकडे आणखी एक, त्याच्या पलीकडे आणखी. सगळीकडे वाल होता, आणि सगळीकडे मधून मधून दोन-दोन उघड्या चाकोऱ्या जात होत्या. इकडे भाड्याने येणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरांत इतकी वर्षं माझ्याच दुकानातली हवा होती.

"आनि ते पन," त्या म्हणाल्या. "खाऊन झाला का जा तिकडं. लोकं हायत शेतावर."

मी शेंगा संपवल्या, चप्पल काढून हातात घेतली आणि बांध ओलांडला.